यान उतरण्याची नियोजित जागा

तुम्हाला म्हणून सांगतो, माझ्यासारखा नकाशा अख्ख्या नाशकात कोणी काढत नाही! खासगी मोजणीवाल्यांच्या ऑफिसात सतरा वर्षं हेच करतोय. बांध वाकडा असो, विहीर सामाईक असो, भावाभावांनी एकमेकांचं तोंड न बघण्याची शपथ घेतलेली असो, संध्याकाळपर्यंत कागदावर सगळं सरळ! तेव्हा अंतराळात अडकलेलं एक यान जमिनीवर उतरवायचं काम माझ्याकडे आलं, तसा मी बायकोला म्हणालो, "हर्षाली, चार पानांचं काम आहे. सकाळी बसतो, दुपारी वरणभाताला मोकळा!"

पण यानाआधी चहाचं सांगायला हवं.

आमच्या मातोश्री, कुसाबाई, वय अडुसष्ट. दिवसाला आठ कप चहा, पाहुणे आले तर नऊ. सातवा कप बरोबर साडेसातला, टीव्हीसमोर, कारण तेव्हा 'माहेर माझं मंगळावर' लागायची. कॅप्टन मृण्मयी नावाची पोरगी यान घेऊन मंगळावर निघालेली असते आणि यानात तिच्याबरोबर तिची सासू, दोन नणंदा आणि एक यंत्रमानव. यंत्रमानव सासूच्या बाजूचा! नणंदा ऑक्सिजनच्या टाकीवरून भांडायच्या. त्यात विज्ञान किती होतं देव जाणे, पण आई जागची हलायची नाही.

एकशे बेचाळिसाव्या भागात यानाचा अँटेना तुटला, पृथ्वीशी संपर्क गेला आणि ऑक्सिजन उरला दोन दिवसांचा. आईने कप खाली ठेवला, हात जोडले आणि वणीच्या सप्तशृंगीला नवस बोलली, "ही पोरगी सुखरूप जमिनीवर उतरली की त्या जागेच्या मातीत नारळ फोडीन. तोवर चहाला शिवणार नाही."

आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला वाहिनीने काय लावलं? लोणच्याच्या पाककृती! मालिका बंद. प्रेक्षक कमी म्हणे. यान वर, पोरगी वर आणि आईचा चहा पण वर!

चहा सुटल्यावर आई एका जागी बसेना. सकाळी माळ्यावरची भांडी खाली, दुपारी खालची भांडी माळ्यावर. डाळी निवडल्या, निवडलेल्या पुन्हा निवडल्या. डोकं दुखतं म्हणून कपाळाला रुमाल बांधून घरभर फिरायची आणि दर दहा मिनिटांनी गॅलरीत जाऊन वर आकाशाकडे बघायची. शेजारच्या सखुबाईंना वाटलं, वाळवणावर कावळे येतायत. त्यांनी कावळे हाकायला गलोल पाठवून दिली!

"आई घेत नाहीत, तर आपण कसा घ्यायचा?" म्हणत हर्षालीने चहाचा डबाच उचलून ठेवला. मी लगेच मान डोलावली. (ऑफिसजवळच्या टपरीवर मी दिवसाला चार घेत होतो आणि घरात शिरताना बडीशेप चावत होतो. हे आपल्यातच राहू द्या.)

बाराव्या दिवशी मी आईला समोर बसवलं.

"आई, अगं ती नटी आहे. सुखरूप आहे. परवाच साबणाच्या जाहिरातीत दिसली!"

"नटी असेल रे सुखरूप. मृण्मयीचं काय?"

"मृण्मयी नाहीच मुळी!"

"मग एकशे बेचाळीस दिवस मी कोणाकडे बघत होते?"

मी दुसरी बाजू धरली. "बरं, मग तूच समज ना, की उतरली."

"नवस बोलणाऱ्याने स्वतःच सोडवून घ्यायचा नसतो," आई म्हणाली. "मग काय, सगळेच आपल्या सोयीने समजतील. उतरवायची तर दुसऱ्या कोणीतरी उतरवली पाहिजे."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

मग रुमालाची गाठ चाचपत ती हळूच म्हणाली, "त्या पोरीला आई नाही रे मालिकेत. वर भांडायला सगळे आहेत, पण खाली तिच्यासाठी कोणी नाही. कोणीतरी काहीतरी सोडायला नको?"

खरं सांगतो, मला गलबलून आलं. त्या दिवशी टपरीवर मी तीनच घेतले.

तोडगा काढला ऑफिसातल्या सुयशने. "परदेशात अशा बंद पडलेल्या मालिका चित्रकथांच्या पुस्तकांत पुढे चालू ठेवतात," तो म्हणाला. "कागदावर यान उडवायला ना नट लागतो ना सेट. तुझा हात तर चांगलाच आहे!"

माझा हात! अहो, हात म्हणजे काय, बोलायलाच नको! रविवारी सकाळी बसलो, दुपारी उठलो. यानाला भोक पडतं, हवा गळायला लागते, यंत्रमानव रडतो, आणि सासू कणकेचा गोळा लावून भोक बुजवते. शेवटच्या पानावर यान उतरतं. वरणभात वाढला होता त्याच वेळी मी अंक आईच्या हातात दिला.

आईने चष्मा पुसून घेतला. पहिलं पान, दुसरं पान. तिसऱ्या पानावर तिचे डोळे भरून आले. "कणकेचं फार छान काढलंस. सासू सुधारली हो!" मग चौथं पान उलटलं. "हे सगळीकडे निळं निळं काय आहे?"

"प्रशांत महासागर. खऱ्या यानांतली माणसं बऱ्याचदा समुद्रातच उतरतात, आई. शास्त्रशुद्ध आहे!"

"आणि नारळ कुठे फोडू? मातीत फोडीन म्हटलंय."

"तळाला माती असेलच की."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी अंक मुकाट्याने परत घेतला. स्वयंपाकघरातून हर्षाली म्हणाली, "अहो, आपल्या जिल्ह्यात कुठे जागा नाही का? आईंना जाता येईल अशी?"

जागा? मला जागा विचारतेस? सोमवारी माझ्या टेबलावर सायखेड्याच्या एका शेताचा जुना नकाशा पडला होता. गोदाकाठ, विहीर, लिंबाचं झाड, सगळं तयार! तो खाली ठेवून वरून चौथं पान गिरवलं. आणि इथे माझ्या सतरा वर्षांच्या सवयीने घात केला. हात आपोआप चालला हो! कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण आला, खाली प्रमाण आलं, मध्ये गट नंबर २१७ आला, भोवती लाल तुटक रेघ आली आणि आत स्वच्छ अक्षरात 'यान उतरण्याची नियोजित जागा'. खाली चौकट: आरेखक संतोष, मोबाइल नंबर अमुक अमुक. आईला नारळ न्यायला सोयीचं म्हणून येत्या रविवारची तारीख आणि सकाळी अकरा चाळीसची वेळही टाकली. मृण्मयी आणि सासू इतक्या बारीक आल्या, की लिंबाखाली दोन ठिपके दिसत होते.

आई खूश! "आत्ता कसं! गट नंबर असला की विश्वास बसतो बाई."

तिने अंक भजनी मंडळात वाचून दाखवला. मंडळाच्या अध्यक्ष सगुणाबाई. त्यांना शेवटचं पान इतकं आवडलं, की तेवढ्याच पानाचा फोटो काढून त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो त्यांच्या पिंपळगावच्या भाचीकडे गेला, भाचीकडून तिच्या दिराकडे, आणि बुधवारी माझा फोन वाजला.

"संतोषभाऊ का? सायखेड्याहून सावळीराम बोलतो. त्यो यानाचा नकाशा तुमीच काढला ना?"

माझा पहिला वाचक! छाती फुगली. "हो हो! कसा वाटला?"

"नकाशा एक नंबर हाय. हीर बी बरोबर, लिंब बी बरोबर. पण यान माझ्याच बागेत कशापायी उतरवता?"

"जागा मोकळी दिसली."

"मोकळी? अवो द्राक्षं काढणीला आलीत! यानाच्या जाळानं मनुके व्हतील त्याचे!"

काय रंगलाय माणूस कथेत! मीही रंगात आलो. "मग कुठे उतरवू म्हणता?"

"शेजारी माझ्या चुलतभावाचं वावर हाय, झुंबरचं. बोलणं नाय आमचं, पर पडीकच हाय ते. तिकडं न्या."

"नेतो की! तुमच्यासाठी एवढं नाही करायचं?"

"लय उपकार झाले साहेब!"

'साहेब' म्हणाला तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती. पण वाचकाच्या शब्दाला मान द्यायला नको? दुपारच्या सुट्टीत लाल रेघ उचलून शेजारच्या गट नंबर २१८ मध्ये नेली, वर 'सुधारित' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

गुरुवारी झुंबरचा फोन. "पडीक कोण म्हणलं? कांदा उभा हाय माझा त्यात!"

"सावळीरामभाऊ म्हणाले..."

"त्यानं सांगितलं? असं! बघतो त्याच्याकडं."

शुक्रवारी दोघांचे मिळून अकरा फोन! एक म्हणतो तिकडे, दुसरा म्हणतो इकडे. लोक एका चित्रकथेवर एवढा जीव टाकतायत हे पाहून मला अभिमान वाटत होता, पण डोकं भणभणायला लागलं. शेवटी दोघांचं समाधान म्हणून मी यान बरोबर मध्ये, दोघांच्या सामाईक बांधावर उतरवलं. वर लिहिलं, 'सुधारित (अंतिम)'. सतरा वर्षं नकाशे काढणाऱ्या माणसाने दोन चुलतभावांच्या बांधाला कधी हात लावू नये! पण लावला.

त्यानंतर फोन एकदम बंद झाले. मला वाटलं, पटलं दोघांना.

रविवारी सकाळी दोन जीप निघाल्या. आई, हर्षाली, मी, सगुणाबाई आणि भजनी मंडळाच्या बारा बायका. प्रत्येकीने टाळ आणि नारळ आणलेला! आई पुढच्या सीटवर होती आणि सारखी ड्रायव्हरला म्हणत होती, "जरा दामटा हो, अकरा चाळीसची वेळ आहे." रुमाल अजून कपाळाला होताच.

सायखेड्याच्या अलीकडे वळलो आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला. बांधावर शे-दीडशे माणसं! दोन बांबूंच्या मध्ये कापडी फलक: 'यान हटाव, बाग बचाव!' खाली बारीक अक्षरात 'समस्त बाधित शेतकरी, गट नंबर २१७ व २१८'. आणि फलकाखाली दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी.

"हे एवढे सगळे स्वागताला आले?" सगुणाबाईंनी विचारलं.

सगळं एका क्षणात लक्षात आलं! उत्तर दिशेचा बाण, लाल रेघ, नियोजित जागा, साहेब! मी म्हणालो, "आई, कोणी उतरू नका! जीप फिरवा!" पण तोवर बायका उतरल्याही होत्या. हातात हळदीकुंकवाची ताटं, ताटात नारळ, टाळांचा गजर. आता तुम्हीच सांगा, शेताच्या बांधावर नारळ घेऊन आलेली बाहेरची माणसं बघून गावाला काय वाटेल?

"भूमिपूजनाला आले रे!" कोणीतरी ओरडलं.

झालं! गर्दी पुढे सरकली. फलकाखालचे ते दोघे म्हणजे सावळीराम आणि झुंबर. सावळीराम सरळ बांधावर आडवा झाला. त्याच्या शेजारी झुंबर आडवा झाला. "आदी आमच्या टाळक्यावर फोडा नारळ!" सावळीराम गरजला. तेवढ्यात एकाने माझ्याकडे बोट केलं. "नकाशावाला साहेब त्यो! त्यो बघा, बायांच्या मागं लपलाय!"

लपलो होतोच. सगुणाबाईंच्या पाठीमागे आणखी दोन माणसं मावली असती. वीस-पंचवीस जण माझ्या रोखाने निघाले. एकाच्या हातात द्राक्षं तोडायची कात्री होती हो! मी डोळे मिटले आणि महिनाभर घरात जो एकच शब्द घुमत होता तोच तोंडातून बाहेर पडला. मोठ्याने, चारचौघांत.

"आई सप्तशृंगी, एवढ्यातून सोडव! चहा सोडतो!"

डोळे उघडले तर आई गर्दीतून वाट काढत बांधाकडे निघाली होती. ती सावळीरामच्या उशाशी जाऊन खाली बसली. "ऊठ बाबा, उन्हात असं आडवं पडू नये. पित्त होतं."

"नाय उठणार! जागा देणार नाय!"

"जागा कोणाला हवीय? मला नारळापुरती माती हवी." आणि आईने सगळं सांगायला सुरुवात केली. मृण्मयी, अँटेना, नवस, लोणची, यानाला पडलेलं भोक, आपल्या पोराचा महासागर. सांगता सांगता तिने कपाळाचा रुमाल आवळला. "सव्वीस दिवस झाले रे. डोकं ठणकतं, झोप नाही. पण बोललेलं मोडवत नाही. आज ती पोरगी उतरली नाही, तर मी कुठे जाऊ?"

गर्दीच्या मागून एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. सावळीरामची आई, यशोदाबाई. "म्हंजे तुमी ती मालिका बघत व्हत्या? मी बी बघायची! उतरली का वो ती पोरगी?"

"अकरा चाळीसला उतरतेय," आई म्हणाली.

"आन् त्या भोकाचं काय झालं?"

"सासूने कणीक लावली."

यशोदाबाईंनी पदराने डोळे टिपले. "मला वाटलंच व्हतं. सासू मनाची वाईट नव्हतीच."

मग काय! अंक हातोहात फिरला. फलक धरणाऱ्या दोघांनी फलक खाली ठेवून दोन पानं वाचली. सावळीराम तसाच आडवा. त्याने मान वळवून मला विचारलं, "म्हंजे हे सरकारी नाय?"

"नाही हो."

"कंपनीचं बी नाय?"

"चित्रं आहेत नुसती. कॉमिक!"

तो उठून बसला, कपडे झटकले आणि अंमळ नाराजीने म्हणाला, "आन् आमी दीड दिवस उगाच एकमेकांशी बोललो?" झुंबरने त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

अकरा चाळीसला आईने बांधाच्या मातीत नारळ फोडला. तिच्या मागोमाग मंडळाचे बारा फुटले, वर सगुणाबाईंचा एक! यशोदाबाईंच्या ओट्यावर मोठ्या पातेल्यात आलं ठेचून घातलेला चहा आला. आईने बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मग कपाळाचा रुमाल सोडून तिने घडी घालून मांडीवर ठेवला. सव्वीस दिवसांनी ती एका जागी स्वस्थ बसली होती. हर्षाली माझ्याकडे बघून हसली. मला तर रडूच येत होतं! मी नाक पुसलं आणि पुढे आलेल्या कपाला हात घातला.

"अहो!" हर्षालीने माझं मनगट धरलं. "मघाशी काय बोललात?"

सगळा ओटा माझ्याकडे बघायला लागला.

"ते... भीतीने निघून गेलं गं तोंडातून!"

"नवस भीतीनेच निघतो," आई म्हणाली. "मुदत घातलीस का?"

"कसली मुदत?"

"मी यान उतरेपर्यंत म्हटलं होतं. तू नुसतं सोडतो म्हणालास. म्हणजे जन्मभर."

यशोदाबाई मदतीला धावल्या. "अजून नारळाचं पाणी वाळलं नाय मातीत. आत्ता मुदत बोलला तरी चालंल. पर झटदिशी!"

आणि अशा वेळी माझं डोकं कसं चालतं बघा! मी कपासकट हात जोडून खणखणीत आवाजात म्हणालो, "कॅप्टन मृण्मयी पुन्हा मंगळावर जाऊन सुखरूप परत उतरेपर्यंत!"

साधा हिशोब होता. दुपारी घरी पोचायचं, चारपर्यंत यान उडवायचं, पाचला मंगळ, सहाला जमिनीवर, सव्वासहाला आल्याचा चहा. चार पानांचं काम!

"आणि उतरवणार कोण?" आईने विचारलं.

"मीच की!"

आईने बशी खाली ठेवली. "नवस बोलणाऱ्याने स्वतःच सोडवून घ्यायचा नसतो."

एवढं बोलून तिने माझ्या हातातला कप अलगद काढून घेतला आणि वाया जायला नको म्हणून बशीत ओतला.

तेव्हापासून पुढचे अंक आई काढते. मी पेन्सिलला हात लावायचा नाही. कथा भजनी मंडळ ठरवतं, सायखेड्याहून यशोदाबाई रोज फोनवर दुरुस्त्या सांगतात. नऊ अंक झाले, यान अजून जमिनीवरच आहे, कारण धाकट्या नणंदेचं डोहाळजेवण उरकल्याशिवाय निघणं बरं दिसत नाही म्हणे. मी घाई केली की आई बशीवरून माझ्याकडे बघते. "घाईने गोष्ट बिघडते, संतू. तुझा महासागर आठवतो ना?"

तुम्ही म्हणाल, टपरी आहेच की! गेलो होतो. दोनदा गेलो. नवसबिवस मी मानत नाही हो, पण कप समोर आला की त्या पोरीचा ऑक्सिजन आठवतो आणि हात पुढे होत नाही. बडीशेप मात्र अजून खातो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आईला यान काढता येत नाही. पोट फुगलेलं, एका बाजूला कान, दुसऱ्या बाजूला तोटी. हुबेहूब किटली! प्रत्येक पानावर ती समोर येते आणि तिच्या तोटीतून वाफा निघत असतात.